टेकडीवर किती माणसं म्हणजे 'जास्त'? आणि मोजायचं तरी काय?

पहाटफेरी

मंडळी,

गेली अकरा वर्षं मी आमच्या मागच्या टेकडीवर रोज सकाळी जातो. पुण्यातली टेकडी आहे. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तुम्हीच येऊन गर्दी वाढवाल.

आमच्या सकाळच्या कट्ट्यावर दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, माणसांनी टेकडीची वाट लावली. दुसरे म्हणतात, माणसं येतात म्हणून तर टेकडी शिल्लक आहे, नाहीतर कधीच बंगले उठले असते. वाद रोज तोच आणि चहाही तोच. शेवटी ठरलं की आधी मोजू, मग भांडू.

तर परवाच्या रविवारी मी वही घेऊन पायथ्याच्या कठड्यावर बसलो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, शाळेत शिकलो तसं. सकाळी सहाला सुरुवात केली. नऊशेच्या पुढे गेलो तोवर एक प्री-वेडिंगवाली टोळी ड्रोन, लाल गाऊन आणि धुराच्या कांड्या घेऊन अवतरली. त्यात माझी रेघ चुकली आणि मी वही मिटली.

घरी येऊन आकड्याकडे बघत बसलो. नऊशे. बरं मग? हे जास्त की कमी? कोणासाठी जास्त?

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये वरच्या पठारावर, वाटेपासून हातभर अंतरावर, रातव्याची दोन अंडी दिसली होती. घरटं वगैरे काही नाही, उघड्या मुरमावर ठेवल्यासारखी. रंग असा की मान वळवून परत बघितलं तर सापडेनात. यंदा त्याच जागेवरून वाट गेलीय. ती वाट त्या नऊशेतल्या कितीजणांनी पाडली? सगळ्यांनी की पाचजणांनी? हे माझ्या वहीत नाही.

शहराला लागून असलेल्या रानात, टेकडीवर, उद्यानात माणसांचा ताण मोजतात तरी कसा? कोणाला अनुभव आहे?

गवतीचहा

पहिली! खुर्ची टाकून बसलेय.

खोचक_पुणेकर

नऊशेमध्ये स्वतःला धरलंत का?

पहाटफेरी

नाही धरलं. :) बरोबर वर्मावर बोट ठेवलंत.

बोरिवलीची_सून

लग्न होऊन बोरिवलीत आले तेव्हापासून नॅशनल पार्क म्हणजे आमचं अंगण. सासरे अजून 'कृष्णगिरी' म्हणतात. तिथला अनुभव सांगते.

पार्काला वर्षाला वीस लाखांच्या आसपास लोक येतात असं नेहमी छापून येतं. क्षेत्रफळ साधारण १०४ चौरस किलोमीटर. एकदा दिराने जेवताना भागाकार करून दाखवला की चौरस किलोमीटरला दिवसाला पन्नास-बावन्न माणसं, म्हणजे काहीच नाही! मी म्हटलं, भावजी, रविवारी मेन गेटवर या आणि मग भागाकार करा.

कारण माणसं सगळीकडे पसरत नाहीत ना. गेटपासून कान्हेरीला जाणारा डांबरी रस्ता, बागेचा भाग, लेण्यांच्या पायऱ्या, बस्स. नव्वद टक्के डबे तिथेच उघडतात (माझा अंदाज, विदा मागू नये). तुळशी-विहार तलावांकडचं रान किंवा नागला भाग, तिथे तुम्हाआम्हाला उठून जाताच येत नाही. म्हणजे सरासरी काढली की गेटजवळचं रान बिचारं आकड्यात सुखी दिसतं.

आणि सोमवारी पार्क बंद असतो. मंगळवारी पहाटे पहिल्या पंधरा मिनिटांत आत जाऊन बघा. चितळ रस्त्यावर उभी असतात, इतक्या जवळ. रविवारी संध्याकाळी तीच चितळ कुठे असतात कोण जाणे. मोजायचं तर हे मोजावं असं वाटतं.

आकडेमोड

चांगला धागा. शास्त्रात याला 'वहनक्षमता' म्हणतात आणि तिची एक जुनी, लोकप्रिय पद्धत आहे. आधी जागेचं क्षेत्रफळ घ्यायचं, एका माणसाला लागणारी जागा घ्यायची, दिवसात किती फेऱ्या होऊ शकतात ते घ्यायचं. गुणाकार-भागाकार केला की 'भौतिक' क्षमता आली. मग त्यातून पावसाचे दिवस, धूप होणारा उतार, विणीचा काळ अशा कारणांनी कपात करत जायचं, ती 'वास्तविक' क्षमता. मग तुमच्याकडे रखवालदार किती, संडास किती, यावर आणखी कपात. शेवटी एक आकडा मिळतो आणि तो फलकावर लिहिता येतो. अनेक पर्यटन आराखड्यांत हेच गणित असतं.

शंकासुर

हेच गणित दादरच्या पुलाला लावून बघा. उत्तर येईल की आपण सगळे २००४ सालीच खाली पडलो.

आकडेमोड

@शंकासुर, हसलो, पण मुद्दा बरोबर आहे. 'एका माणसाला किती जागा' हा आकडा तुम्ही वर धरलात की उत्तर खाली येतं आणि खाली धरलात की वर. ज्याला जे हवं ते तो काढतो.

म्हणूनच अमेरिकेच्या वनसेवेतल्या लोकांनी १९८५ मध्ये प्रश्नच उलटा केला. 'किती माणसं चालतील?' हे विचारायचंच नाही. 'किती बदल चालेल?' हे विचारायचं. म्हणजे आधी ठरवायचं की मुख्य वाट अमुक फुटांपेक्षा रुंद होता कामा नये, नवी चोरवाट पडता कामा नये, अमुक पक्षी अमुक ठिकाणी वीण करत राहिला पाहिजे. मग दरवर्षी तेच मोजायचं. मर्यादा ओलांडली की उपाय करायचा. माणसं नऊशे असोत की नऊ हजार.

सातारी_कातळ

कासचं उदाहरण द्यायलाच हवं. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही होतं, आणि त्या सप्टेंबरपासून आमच्या घरी पाहुण्यांची वहनक्षमता संपली. :)

तिथे दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली, आधी ऑनलाइन बुकिंग करायचं. मर्यादा असणं चांगलंच, मी विरोधात नाही. पण तिथली जमीन बघा एकदा. खाली जांभ्याचा कातळ, वर माती बोटभर, काही ठिकाणी तेवढीही नाही. त्या बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू सगळं उभं असतं. तिथे ३००० माणसं पायवाटेवरून गेली तर फार बिघडत नाही. एक माणूस सेल्फीसाठी बसला, फक्त बसला, की त्या जागी पुढच्या वर्षी त्याच्या आकाराचं टक्कल.

दुसरं म्हणजे फुलांचा मोसम तो केवढा. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात. त्यात शनिवार-रविवार. त्यातही सकाळी दहा ते एक. म्हणजे 'दिवसाला' हा हिशोबच लबाड आहे.

गवतीचहा

"त्याच्या आकाराचं टक्कल" =))

रानवेडी

उशिरा आले, पण हा माझ्या पोटापाण्याचा विषय असल्याने थोडं लांबलचक लिहिते. कंटाळा आला तर पुढे सरका.

पहाटफेरी यांचा प्रश्न, सगळ्यांनी की पाचजणांनी, हाच खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर बरंचसं ठाऊक आहे आणि ते बहुतेकांना उलटं वाटतं.

गवत तुडवण्याचे रीतसर प्रयोग झालेत. १९९३ साली कोल आणि बेफिल्ड या दोघांनी त्याची एक ठरावीक पद्धत घालून दिली. अर्धा मीटर रुंद आणि दीड मीटर लांब असे पट्टे आखायचे. एका पट्ट्यावर कोणीच चालायचं नाही, बाकीच्यांवर २५, ७५, २०० आणि ५०० वेळा चालायचं. ठरावीक वजनाच्या माणसाने, नेहमीच्या चालीने. मग किती झाडोरा उरला ते बघायचं, आणि एका वर्षाने परत येऊन बघायचं.

आपल्याला वाटतं, ५०० फेऱ्यांनी २५ फेऱ्यांच्या वीसपट नुकसान होईल. तसं होत नाही. नाजूक झाडोऱ्यात बहुतेक नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातं. पुढे आलेख सपाट होतो, कारण मोडायला काही उरतच नाही. म्हणजे रिकाम्या माळावरची पहिली पन्नास माणसं आणि जुन्या वाटेवरची पुढची पाच हजार, यांत पहिल्या पन्नासांचं पाप मोठं.

यातून निघणारी गोष्ट टेकडीप्रेमींना आवडत नाही. 'गर्दी एकाच वाटेवर नको, लोकांना पसरवा' असं सगळीकडे म्हणतात. टेकडीवर नेमकं उलटं करायला हवं. वाट एकच ठेवा, ती मळलेली, रुंद, कुरूप असू द्या, आणि सगळ्यांना तिच्यावरून न्या. जो शांतता हवी म्हणून 'आपली वेगळी वाट' शोधतो, तो निसर्गप्रेमी सगळ्यांत महाग पडतो.

वाटा कशा रुंदावतात तेही बघा. जूनमध्ये वाटेत चिखल होतो. बूट खराब नको म्हणून पहिला माणूस कडेच्या गवतातून जातो. दुसरा त्याच्या मागून. आठवड्यात ती कडही चिखल होते आणि तिसरा आणखी बाहेरून. दिवाळीपर्यंत तीन फुटांची वाट आठ फूट. त्यात दुष्ट कोणीच नव्हता, सगळ्यांना फक्त बूट स्वच्छ हवे होते.

मोजायचंच असेल तर पठारावर दहा ठिकाणी खुणेचे दगड ठेवा आणि वर्षातून दोनदा टेपने वाटेची रुंदी घ्या, मेअखेर आणि नोव्हेंबरमध्ये. खर्च शून्य.

खोचक_पुणेकर

मी तोच शांतता शोधणारा. माझी 'वेगळी वाट' २०१६ पासून आहे. आता तीवर रविवारी ट्रॅफिक असतं. मान खाली घालून बसलोय.

ओसरी

रानवेडी, माहिती उत्तम, पण सूर खटकला. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. आमच्या भागात सपाट, मोकळी, फुकट जागा म्हणून टेकडीच आहे. फुटपाथवर दुकानं, बागेत गर्दी. तुम्ही मोजून मोजून उद्या कोणीतरी फाटक लावणार, परवा तिकीट आणि तेरवा म्हाताऱ्यांना ऑनलाइन बुकिंग करायला सांगणार.

टेकड्या बीडीपीत, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात, राहिल्या त्या चालणाऱ्यांनी आरडाओरडा केला म्हणून. पक्ष्यांनी निवेदनं दिली नव्हती.

रानवेडी

@ओसरी, काकांना माझा नमस्कार सांगा. ते मळलेल्या वाटेवर चालत असतील तर माझ्या हिशोबात त्यांचा ताण जवळजवळ शून्य आहे. रोज गेले तरी. म्हणून तर म्हणते, डोकी मोजू नका. डोकी मोजलीत की काका आणि धुराच्या कांड्या एकाच रेघेत येतात.

सर्किटवाला

डोकी मोजण्याच्या यंत्राबद्दल दोन पैसे माझे. आमच्या सोसायटीच्या ट्रेकिंग ग्रुपसाठी मी असा काउंटर घरी बनवला होता. शरीराची उष्णता ओळखणारा सेन्सर, वाटेकडेच्या झाडाला बांधायचा. समोरून गरम काही गेलं की एक मोजतो. बाहेरच्या देशांत उद्यानांत हेच वापरतात, फक्त त्यांचं महाग असतं.

अडचणी अशा आल्या:

दोघं शेजारी शेजारी गेले की एक मोजतो. प्रेमी युगुलं कायम एक. :)

खाली बांधला तर कुत्री मोजतो, वर बांधला तर पोरं सुटतात. कमरेच्या उंचीवर बरा.

आणि सगळ्यांत मोठी गंमत मे महिन्यात. दुपारी हवाच ३८-३९ डिग्री, मागचा कातळ त्याहून तापलेला. सेन्सरला माणूस आणि डोंगर यांत फरकच कळेना. अख्खी दुपार शून्य. ग्रुपवर एकाने लिहिलं, "बघा, दुपारी टेकडी रिकामी असते." अरे बाबा, टेकडी नाही, सेन्सर झोपलाय.

म्हणून यंत्र लावलं तरी अधूनमधून वही घेऊन बसावंच लागतं. दोन्ही आकडे ताडून गुणक काढायचा. पहाटफेरींची वही वाया गेलेली नाही.

शंकासुर

मोबाइलच्या लोकेशनवरून का नाही मोजत? सगळ्यांच्या खिशात आहे.

सर्किटवाला

कट्ट्यावरचे अर्धे आजोबा फोन घरी चार्जिंगला लावून येतात. ते मोजलेच जात नाहीत. धावण्या-सायकलिंगच्या अ‍ॅपचे नकाशे मिळतात, ज्यात लोक जिथून गेले त्या वाटा उजळतात. पण त्यात फक्त हौशी धावपटू. एवढं खरं की चोरवाटा त्यावर झकास दिसतात. २०१८ मध्ये अशाच एका अ‍ॅपच्या नकाशावर लष्करी तळ उजळून निघाले होते, जगभर बोंबाबोंब झाली होती. जवान बिचारे तळाभोवती जॉगिंग करत होते. तर टेकडी काय लपणार?

बे_एरियातला_बाळू

इथे सॅन फ्रान्सिस्कोजवळ म्यूर वूड्स म्हणून रेडवूडचं छोटं जंगल आहे. भारतातून आलेल्या प्रत्येक आईवडिलांना दाखवायची जागा. मीच सतरा वेळा गेलोय. जानेवारी २०१८ पासून गाडी लावायलासुद्धा आधी आरक्षण लागतं. पार्किंगच्या जागा मोजून दिल्या की माणसं आपोआप मोजली जातात. आपल्याकडे पार्किंग हा प्रकार रस्त्यावर असल्याने जमणं कठीण.

पण मला सांगायचंय ते वेगळं. तिथे त्यांनी आवाज मोजला. एका भागात फक्त पाट्या लावल्या, 'हा शांत विभाग आहे' अशा. तेवढ्यानेच आवाज साधारण ३ डेसिबलने उतरला. ३ डेसिबल ऐकायला चिल्लर वाटतं, पण ध्वनीची ऊर्जा निम्मी होते. माणसं तेवढीच, पाट्या चार.

आमचे बाबा तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा पाटी वाचून खरंच कुजबुजायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा.

ठाणेकर_आजोबा

येऊरला एकदा डेसिबल मोजायला या. तारीख मी सांगतो, ३१ डिसेंबर. यंत्र फुटलं तर भरपाई मागू नये.

आमच्या लहानपणी येऊरला जायचं म्हणजे करवंदं खायला जायचं. आता बंगल्यांचे डीजे. बिबट्याने तक्रार कोणाकडे करायची?

खिडकीतला_मोर

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये टेकड्या बंद होत्या तेव्हा खरा प्रयोग झाला की! माणसं शून्य. आमच्या गच्चीवरून मोर दिसायला लागले, रस्त्यावर टिटव्या. तेव्हाच कोणीतरी मोजायला हवं होतं.

रानवेडी

@खिडकीतला_मोर, जगभरच्या अभ्यासकांनी त्या काळाचा उपयोग केला, त्याला 'अँथ्रोपॉज' असं नावही पडलं. पण तुमच्या मोराबद्दल एक शंका. मोर तेव्हा आला की तुम्ही तेव्हा पहिल्यांदा दिवसभर खिडकीत बसलात? :)

खिडकीतला_मोर

आयडी बदलावा म्हणतो.

नवरंग_क्लिक्स

कबुलीजबाब देतो. मी पक्ष्यांचे फोटो काढतो. पहिल्या पावसाबरोबर नवरंग येतो, नॅशनल पार्कात आणि आसपासच्या रानात, आणि त्याच्यामागे आम्ही. बरेचजण मोबाइलवर त्याची शीळ लावतात. नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो घरटं-बिरटं सोडून उघड्यावर येतो आणि बोंबलत राहतो. आम्ही खटाखट फोटो काढतो. आम्ही गेलो की पुढचा ग्रुप तीच शीळ लावतो.

मी स्वतः हे केलंय. तीन वर्षांपूर्वी एक नर सुमारे अर्धा तास एकाच फांदीवरून ओरडत होता, चोच उघडी, छाती धपापतेय, आणि आम्ही सातजण खाली. तेव्हापासून बंद केलं. त्या सकाळी मागच्या रस्त्यावरून शेकडो लोक चालत गेले असतील, त्याने त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याला आम्ही सातच जड झालो.

गवतीचहा

@नवरंग_क्लिक्स, हे लिहायला धाडस लागतं. __/\__

मांजरवाली_मावशी

कुत्र्यांचं कोणीच बोललं नाही अजून. लोक टेकडीवर बिस्किटांचे पुडे घेऊन जातात, भटकी कुत्री वर राहायलाच गेलीत. मी भूतदयावाली आहे तरी सांगते, वर खायला घालू नका. तित्तराची पिल्लं मी कुत्र्याच्या तोंडात पाहिली आहेत.

ओसरी

आता कुत्र्यांवर घसरला धागा. दोनशे प्रतिसाद नक्की.

लंडनचा_लंब्या

इथे लंडनमध्ये रिचमंड पार्कात हरणं मोकळी फिरतात. २०११ मध्ये एक लॅब्राडोर अख्ख्या कळपामागे धावतोय आणि मालक 'फेंटन, फेंटन' करत मागे पळतोय, असा व्हिडिओ फिरला होता, आठवतोय का? त्याच पार्कात चंडोलाचा भाऊबंद जमिनीवर अंडी घालतो. त्या गवताळ पट्ट्यांत मार्च ते जुलै कुत्रं दोरीला बांधूनच न्यायचं. अख्खा पार्क बंद नाही करत, तेवढा पट्टा, तेवढे महिने. आपल्या टेकडीवर रातव्यासाठी असं करता येईल की.

खोचक_पुणेकर

पुण्यात कुत्र्याला दोरी बांधायला सांगितलं तर मालक दोरी घेऊन तुमच्या मागे लागेल.

संपादक_मंडळ

भटक्या कुत्र्यांवर वेगळे चार धागे आहेत, कृपया तिकडे जावे. त्या विषयावरचे अकरा प्रतिसाद हलवले आहेत.

पाड्यावरची_बाई

मी शिक्षिका आहे, उद्यानाच्या हद्दीला लागून असलेल्या शाळेत. सगळं वाचलं. एक विचारू का?

तुमचा काउंटर झाडाला बांधला की त्याच्यासमोरून आमच्या पाड्यावरची बाई डोक्यावर मोळी घेऊन जाते. तीही 'एक'. शाळेत जाणारी माझी पोरं सकाळी बारा, दुपारी बारा, म्हणजे चोवीस. तुमच्या आलेखात आम्ही 'ताण' म्हणून येतो. ही माणसं पार्क व्हायच्या आधीपासून इथे आहेत. त्यांना कोणी पर्यटक म्हणून मोजावं?

आणि दुसरं. पावसाळ्यात पोरं रानभाज्या आणतात तेव्हा मला सांगतात, बाई, ओढ्याच्या या अंगाला आता शेवळं येत नाही, खूप लोक येऊन बसतात तिथे. त्यांना यंत्राची गरज नाही. पण त्यांना कोणी विचारत नाही.

रानवेडी

@पाड्यावरची_बाई, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यांत मोलाचा. शेवळं कुठे येत नाहीत ही नोंद माझ्या टेपपेक्षा चांगली. पोरांकडून तारीख घालून लिहून घेता येईल का? एका वहीत, दरवर्षी?

पाड्यावरची_बाई

घेते. त्यांना चित्र काढायला जास्त आवडतं. नकाशा काढायला लावते.

शंकासुर

मला अजून एक शंका. बोरिवलीत एवढी माणसं, तरी बिबटे वाढलेत म्हणतात. मग ताण कुठाय?

आकडेमोड

@शंकासुर, अंगावरच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून बिबटे ओळखून कॅमेऱ्याने मोजतात. २०१५ च्या अभ्यासात ३५ आले होते, २०२४ च्या मोजणीत ५४. पण कॅमेरे लावलेलं क्षेत्र दोन्ही वेळी सारखं नाही, त्यामुळे सरळ वजाबाकी करू नका.

आणि बिबट्या जिवंत आहे याचा अर्थ त्याला फरक पडत नाही असा नाही. २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये एक मोठा आढावा आला होता. जगभरातले ७६ अभ्यास, ६२ प्रकारचे सस्तन प्राणी. माणसांचा वावर असेल तिथे प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरी १.३६ पट होतो. म्हणजे जो प्राणी निम्मा वेळ दिवसा आणि निम्मा रात्री फिरायचा, तो ६८ टक्के रात्री फिरायला लागतो. संख्या तीच, दिवस मात्र आपण घेतला. यात हायकिंगसारखी 'निरुपद्रवी' माणसंसुद्धा आली.

बोरिवलीच्या सूनबाईंनी मंगळवारच्या चितळांबद्दल लिहिलंय ते याच अंगाने जातं.

बोरिवलीची_सून

अगं बाई! म्हणजे मी शास्त्र लिहून गेले की. सासऱ्यांना वाचून दाखवते.

पहाटफेरी

दोन आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचे आभार. दरम्यान थोडे उद्योग केले.

एक, रानवेडींचं ऐकून टेप घेऊन गेलो. पठारावरची मुख्य वाट सर्वांत रुंद जागी साडेनऊ फूट भरली. कट्ट्यावरच्या जोशीकाकांकडे नातवाच्या बारशाच्या सुमारचा, म्हणजे बारा-तेरा वर्षांपूर्वीचा, त्याच दगडाजवळचा फोटो निघाला. त्यात दोन माणसं शेजारी उभी आहेत आणि वाट त्यांच्या पायांखाली संपलीय. नातू आता मिसरूड फुटलेला आहे, तोच टेपचं दुसरं टोक धरून उभा होता.

दोन, गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं दिसतात हे मला लेकीने दाखवलं. पायथा ते पठार, एकाच उताराच्या वाटा मोजल्या. जुन्या चित्रात तीन. आताच्या चित्रात चौदा, म्हणजे मला दिसल्या तेवढ्या. त्या चौदातली एक माझीच आहे हे तिने मला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. "बाबा, हा तुमचा शॉर्टकट." खोचकराव, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

तीन, हे मला स्वतःला सुचलं. एक जुना पत्र्याचा डालड्याचा डबा घेतला, दोन्ही बाजूंची झाकणं कापली आणि जमिनीत बोटभर ठोकून बसवला. वर एक लिटर पाणी ओतलं आणि घड्याळ लावलं. वाटेपासून वीस पावलांवर, गवतात, पाणी चार मिनिटांत गडप. मग तोच डबा वाटेच्या मधोमध. तिथे ठोकायलाच दगड लागला. पाणी ओतलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. येणारे-जाणारे विचारायला लागले, काका, काय पुरलंय? चाळीस मिनिटांनी पाणी जवळजवळ होतं तसंच. वर एक मुंगी पोहत होती. शेवटी कंटाळून डबा उपटला, आणि ते पाणी वाटेवरून सरळ खाली वाहत गेलं, एक थेंब मुरला नाही. पावसाळ्यात आमच्या गल्लीत लाल पाणी का येतं ते तेव्हा कळलं.

तर कट्ट्यावर ठराव झालाय. डोकी मोजणं बंद. मेअखेर आणि नोव्हेंबरमध्ये दहा दगडांपाशी रुंदी, तीन ठिकाणी डबा, आणि नव्या वाटा किती. मुख्य वाट सोडून बाकीच्यांच्या तोंडावर आम्ही बाभळीच्या फांद्या टाकायला सुरुवात केली. पहिली फांदी माझ्या शॉर्टकटवर. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती उचलून बाजूला ठेवली होती. आम्ही परत टाकली. सध्या स्कोअर ४-४.

ओसरी

बाबा म्हणाले, फांद्या टाकायला मीही येतो. वाकता येत नाही पण काठीने ढकलेन.

रानवेडी

डबा मुळाशी नीट बसवा, कडेने पाणी झिरपलं तर आकडा फसवा येतो. आणि एकाच जागी तीनदा करून मधला आकडा घ्या.

सर्किटवाला

काका, स्कोअर मोजायला सेन्सर हवा असेल तर सांगा. फांदी उचलणाऱ्याचा फोटो पण काढतो.

खोचक_पुणेकर

आजच्या काळात पत्र्याचा डालड्याचा डबा मिळाला कुठे, हे सांगा आधी. आमच्याकडे एक आहे, पण त्यात आईची तुळस आहे. नोव्हेंबरसाठी विचारून बघतो.